गाडीत करंट नव्हता

१८ ऑक्टोबर १९८४, गुरुवार. सकाळी सहाला उणे ११.

माझे थर्मामीटर दोन आहेत. उत्तरेच्या भिंतीवर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला की मी दोन्ही उतरवून तपासतो. आमच्या कूसीवारा गावात इतर लोक रेडिओवर सांगितलेलं तापमान ऐकतात आणि तेच आपल्या अंगणातलं समजतात. असो.

माझी बायको हिल्का आज कॉफी पिता पिता म्हणाली, "काउको, गाडीला तो इंजिनाचा हीटर बसवून घेऊ या का? केत्तुनेनच्या गॅरेजात एका दिवसात होतं म्हणे."

"केत्तुनेनकडे एका दिवसात इंजिनसुद्धा बिघडतं."

"मग कुणाकडून बसवायचा?"

"का? मी काय मेलोय?"

नंतर कप विसळताना पाठमोरीच म्हणाली, "तुला रोज पहाटे उठावं लागतं, म्हणून म्हटलं."

हे तिला चौदा हिवाळ्यांत पहिल्यांदा दिसलं. उशिरा का होईना. ऑक्टोबर ते एप्रिल, दर संध्याकाळी मी बॅटरी काढून घरात आणतो आणि चुलीजवळ ठेवतो. पावणेपाचला उठतो. पत्र्याच्या घमेल्यात निखारे घेऊन ते इंजिनाच्या तेलटाकीखाली सरकवतो, बॉनेटवर घोंगडी टाकतो, तासभर राखण करतो. पाच पन्नासला गाडी सुरू. सहा पाचला हिल्का निघते; अडतीस किलोमीटरवर केमीयार्वीच्या आरोग्य केंद्रात तिची स्वयंपाकघरातली ड्यूटी सातला लागते. चौदा वर्षांत तिला माझ्यामुळे एकदाही उशीर झाला नाही. माझ्या हाताशिवाय ती गाडी हलत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मला स्वतःला गाडीचं काम पडत नाही. शाळेचा बॉयलर सांभाळायला मी चालत जातो.

हीटर मागवला. पत्र मीच लिहिलं, इंजिनाच्या नंबरासकट.

२७ ऑक्टोबर, शनिवार. उणे ८.

काल बसने पार्सल आलं. आज बसवला.

इंजिनाच्या अंगात जिथे गरम-गार पाणी फिरतं, त्या कप्प्याला बाजूने गोल पत्र्याच्या झाकण्या ठोकलेल्या असतात. त्यांतली एक काढायची आणि त्या भोकात हीटर बसवायचा. पाण्यात बुडवायच्या हीटरसारखाच, फक्त आडवा. अडाणी माणूस झाकणीच्या बरोबर मध्यावर हातोडा मारतो. झाकणी आत पडते आणि मग त्याची बायको बसने फिरते. मी कडेला छिन्नी ठेवून एकच ठोका दिला. झाकणी नाण्यासारखी उभी फिरली, पकडीने बाहेर काढली. भोक पस्तीस मिलिमीटर लिहिलं होतं, माझ्या मापात चौतीस पूर्णांक नऊ. पॉलिश पेपरने कडा साफ केली, रबरी कडीला साबणाचं पाणी लावलं. गाडीचं नाक फळीवर चढवून नवीन पाणी भरलं, म्हणजे आत हवा अडकत नाही. हवा अडकली की हीटर जळतो. हे मला कुणी शिकवलं नाही. हात शिकतात, डोकं त्यांच्या मागून येतं.

सोबतच्या कागदावर दोन भाषांत एकच वाक्य ठळक छापलं होतं: जोडणी परवानाधारक विजेच्या कारागिराकडूनच करून घ्यावी. त्या एका वाक्यात दोन व्याकरणाच्या चुका. कागद चुलीत गेला.

२८ ऑक्टोबर, रविवार. उणे ६, हलका बर्फ.

आज भिंतीपासून अंगणात गाडीसाठी रोवलेल्या प्लगच्या खांबापर्यंत लाइन टाकली. ओसरीतल्या सॉकेटमधून घेतली, सगळ्यांत जवळचं. ओसरीच्या सॉकेटला अर्थिंग नाही. सत्तावन्न सालच्या घरांत ओसरीला, बैठकीला कुणी देत नसे. पण त्याला उपाय आहे. अर्थिंगची वायर मी पाण्याच्या नळाला जोडली. लोखंड जमिनीत जातं, जमीन ती जमीन. हा नळही माझ्याच हातचा. ब्याऐंशीत गोठून फुटला तेव्हा भिंतीपासून विहिरीपर्यंत नवी काळी नळी मीच टाकली. तेव्हापासून एकदाही गोठला नाही.

हिल्का टॉर्च धरून उभी होती. म्हणाली, "एकदा सोरवारीला दाखवायचं का? केंद्रातली सगळी वीज तोच बघतो. येऊन नुसती नजर टाकेल."

"सोरवारीला कागद मिळालाय, नजर नाही मिळालेली."

"अरे, बघायला काय जातं?"

"माझं जातं."

तिने टॉर्च जरा खाली केला. मी म्हटलं, उजेड वर घे. तिने वर घेतला.

गाडीपर्यंतची वायर बंपरमधून आत नेली आणि पत्र्याच्या पट्टीखाली घट्ट आवळली. एकही वळसा सैल नाही. केत्तुनेनने हे काम पाहिलं तर दुकान बंद करून मासे पकडायला जाईल.

५ नोव्हेंबर, सोमवार. उणे १९.

पहिली खरी परीक्षा. खांबावरचा टायमर पहाटे तीनला लावला होता. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. दुसऱ्या नाही, पहिल्या.

मी सवयीने पावणेपाचला उठलो होतो. घमेलं हातात घेतलं, मग परत ठेवलं. बूट घालेपर्यंत हिल्का गेलीसुद्धा. फाटकापाशी मागचे दिवे दिसले. मी पायरीवर उभा राहून हात केला.

लेम्पीमावशी (शेजारी राहते, एकाहत्तर वर्षांची, साऱ्या गावाची पहाट तिच्या खिडकीतून होते) दूध आणायला निघाली होती. ओरडून म्हणाली, "काय रे काउको, कुणाला टाटा करतोस? ती तर वळणापार गेली!"

"हीटर बसवला, मावशी. पहिल्या किल्लीला!"

"हो का? मग आता झोपून राहा की!"

तिला यंत्रातलं काही कळत नाही.

११ नोव्हेंबर, रविवार. उणे १४.

हिल्काला एकाएकी गाडीची गोडी लागली आहे. चौदा वर्षं किल्ली फिरवण्यापलीकडे काही नको होतं. आता विचारते: टायमर किती तास लावायचा? मी कोष्टक करून दिलं. उणे पाचला एक तास, उणे दहाला दीड, उणे वीसला तीन, त्याखाली कितीही थंडी असली तरी तीनच, उगाच वीज जाते. तिने ते कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतलं. मी दोन ठिकाणी तिचं अक्षर सुधारलं.

मग म्हणाली, "ही वायर कुठल्याही खांबाला चालते का रे? शहरात इमारतींपुढे असतात त्यांना?"

"साऱ्या देशात एकच खाच आहे. हेलसिंकीला गेलीस तरी चालेल."

"हेलसिंकी नको," ती म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी चाक बदलायला शिकवलं. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे असतात; तिने ओळीने आवळले. मी सगळे सोडवले. दुसऱ्यांदा चौथा चुकला. पुन्हा सोडवले. तिसऱ्यांदा बरोबर. बोटं लाल झाली होती, पण पाना खाली ठेवला नाही. हात चांगला आहे तिचा. लहानपणी कुणी शिकवलं असतं तर!

तेल तपासणं, फ्यूज बदलणं, काचेवरचा बर्फ कसा खरवडायचा (वरून खाली, कधीही आडवा नाही) हेही झालं. असे रविवार आमच्याकडे वारंवार आले असते तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर, सोमवार. अधिक दीड. कालपासून वितळण.

डिसेंबरात अधिक. अंगणभर बर्फाची रबडी झाली आहे. आजचं सविस्तर लिहितो.

साडेपाचला मी चुलीपाशी होतो. बाहेर हिल्का किंचाळली. तशी ती कधी किंचाळत नाही. बाहेर गेलो तर गाडीच्या दाराशी रबडीत बसलेली, उजवा हात छातीशी धरून. नमद्याचे बूट घोट्यापर्यंत भिजलेले.

"चावली मला," ती म्हणाली. "दाराला हात लावला आणि चावली."

मी आधी प्लग काढला. घाईने नाही, नियमाने: आधी खांबाकडचा, मग गाडीकडचा. मग म्हटलं, "लोकरीचे हातमोजे आहेत तुझे. स्थिर वीज असते ती. लोकर काढताना केसांना ठिणगी बसते ना, तशी."

"ठिणगी नव्हती ती. हात सुटेना माझा."

"घाबरल्यावर असं वाटतं."

लेम्पीमावशी फाटकाशी येऊन उभी. "लागलं का गं? अगं बाई, चेहरा बघ तिचा, चुन्यासारखा!" मी म्हटलं, मावशी, काही नाही, पाय घसरला. हिल्काने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, कोट झाडला आणि बस पकडायला चालत निघाली. गाडी सुरू होण्यासारखी असताना. कोपर सुजलं असावं. संध्याकाळी पाव कापताना डाव्या हाताने कापत होती.

४ डिसेंबर, मंगळवार. उणे १७.

पुन्हा गोठलं. सकाळी हीटर चालू ठेवून मी दोन्ही उघडे हात दाराच्या मुठीवर ठेवले. घड्याळ लावून पाच मिनिटं. काहीही नाही. थंडीने कातडी चिकटली, तेवढंच. हिल्काला खिडकीतून बोलावलं. "बघ! डोळ्यांनी बघ."

ती खाली आली नाही, पायरीवरूनच म्हणाली, "काल वितळलं होतं. मी ओल्यात उभी होते. आज सगळं कोरडं आहे, तू रबरी बुटांत आहेस."

"हे तुझ्या डोक्यातलं नाही. कोण बोललं?"

"सोरवारी. तो म्हणाला, ओल्या जमिनीवर माणूस उभा असला तरच—"

"सोरवारी! बाकं झिजवून कागद मिळवलेला सोरवारी! त्याने माझी लाइन पाहिली? मी तीस वर्षं या हातांनी बॉयलर, पंप, रेडिओ, दळणाची चक्की दुरुस्त केली. कुणी मेलं? एक माणूस मेलं?"

"तुझ्या हाताला काही होत नाही म्हणजे काही नाहीच, असं नसतं काउको."

वाक्य तयार करून आणल्यासारखं बोलली. बसनेच गेली.

९ डिसेंबर, रविवार. उणे २२.

हिल्काची आज दिवसभर ड्यूटी. घरात मी एकटा. ही वही मी कुणाला दाखवत नाही, म्हणून जे आहे ते लिहितो.

हाताची परीक्षा ही परीक्षा नव्हे, हे मला चौथ्या तारखेलाच ठाऊक होतं. आज मीटर काढला. स्वयंपाकघरातल्या विजेच्या चुलीला खरं अर्थिंग आहे. तिच्या अंगापासून लांब वायर काढून अंगणात आणली. एक टोक त्या वायरला, एक गाडीच्या दाराला. हीटर चालू.

एकशे शहाण्णव व्होल्ट.

मीटर बदलला. शाळेतला आणला होता. एकशे चौऱ्याण्णव.

मग शोधलं. पट्टीखाली आवळलेल्या वायरचं रबर पत्र्याच्या धारेवर कापलं गेलं होतं. इतकी घट्ट मीच आवळली होती. आत तांबं चमकत होतं, गाडीच्या पत्र्याला टेकलेलं. तरीही फ्यूज उडायला हवा होता. अर्थिंग असतं तर उडाला असता. नळाला जोडलेली वायर तपासली. जोड पक्का, स्वच्छ, माझ्या हातचा. नळाच्या मागे मागे भिंतीपर्यंत गेलो. भिंतीपलीकडे काळी नळी.

प्लास्टिकची. ब्याऐंशीत मीच टाकलेली. लोखंड भिंतीत संपतं आणि पुढे विहिरीपर्यंत सत्तावीस मीटर प्लास्टिक. अर्थिंग कुठेच जात नव्हतं. दोन्ही कामं माझी, दोन्ही चोख.

पायरीवर बसलो. किती वेळ ते घड्याळात पाहिलं नाही. कॉफी भांड्यात गोठायला लागली होती.

मग काम केलं. वायर बदलली, धारेवर रबराची नळी चढवली. ओसरीची लाइन काढून टाकली आणि स्वयंपाकघरातून नवीन ओढली, भिंतीवरून नऊ मीटर, दिसायला घाण दिसते. पुन्हा मोजलं. शून्य. मुद्दाम तार गाडीच्या अंगाला टेकवून पाहिली: फ्यूज तिथल्या तिथे उडाला. उडायलाच हवा.

तिला काय सांगायचं ते ठरवलं. "हिल्का, गाडीत करंट होता. चूक माझी होती." वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पाहिलं. "चूक माझी होती" हे आधी घ्यावं की नंतर, यावर बराच वेळ गेला.

ती पाचला आली. अंगणातच थांबून भिंतीवरची नवीन वायर बघत राहिली. मी दारात गेलो.

"लाइन स्वयंपाकघरातून घेतली," मी म्हटलं. "तिथे दाब जास्त चांगला मिळतो."

"हं," ती म्हणाली. बूट झटकून आत आली.

१५ डिसेंबर, शनिवार. उणे २६.

आठवडाभर ती पुन्हा गाडी नेते आहे. चढण्याआधी हातमोजा काढून दाराला बोटाची पाठ लावते, तव्याला लावतात तशी. मी खिडकीतून पाहतो.

आज सौना. आम्ही शनिवारी पाचला सौनाची वाफेची खोली तापवतो, लग्न झाल्यापासून. मी वरच्या बाकावर, ती माझ्याहून हातभर अंतरावर. सौनात माणसाने देवळात बसल्यासारखं बसावं, असं माझी आई सांगायची. भांडण आत न्यायचं नाही, खोटं आत न्यायचं नाही. आम्ही ते पाळलं आहे. चौऱ्याहत्तरात, मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही ते एकमेकांशी आम्ही तिथेच बोललो.

हिल्काने दगडांवर पाणी टाकलं. वाफ खाली आली. ती निवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काउको, त्या दिवशी गाडीत करंट होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"मी रागावणार नाही."

"अगं, रागवायचा प्रश्नच नाही. नव्हता."

तिने आणखी डावभर पाणी टाकलं. कान भाजले. नंतर बराच वेळ ती खालच्या बाकावर बसून होती, पाठ भिंतीला, कोपरावरचा डाग पिवळा पडलेला. मी म्हटलं, पाठ चोळून देऊ का. म्हणाली, "नको. झालं माझं."

मी खोटं बोललो हे मला कळतं. मी मूर्ख नाही. पण लाइन आता बरोबर आहे. शून्य व्होल्ट. जे दुरुस्त झालं ते बोलून काय आणखी दुरुस्त होतं? धोका उरलेला नाही. बोलण्याने धोका कमी होत नाही, तारेने होतो.

२२ डिसेंबर, शनिवार. उणे २४.

हिल्काने शिलाई मशीन गाडीत ठेवलं. विचारलं तर म्हणाली, सर्व्हिसिंगला.

"मी घरात असताना सर्व्हिसिंगला बाहेर?"

"राहू दे रे. तुला शाळेचं काम आहे."

अपमानच आहे, पण सणाच्या तोंडावर वाढवला नाही.

दिवसभर घर साफ करत होती. तळघरातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मला हाक मारून बटाटे कुठे, खारवलेले मासे कुठे, सूपला मीठ किती चमचे हे सांगत बसली. मी म्हटलं, मी काय लहान आहे? तरी तिने मला चुलीपाशी उभं करून मटणाचं सूप करायला लावलं. कांदा आधी टाकला म्हणून काढून परत टाकायला लावला. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे, असाही चालेल." सूप ठीक झालं.

२४ डिसेंबर, सोमवार. उणे २९.

संध्याकाळी स्मशानात मेणबत्त्या लावल्या, माझ्या आईवडिलांच्या आणि तिच्या वडिलांच्या थडग्यांवर. सगळं गाव तिथे. सोरवारीही होता, बायकोबरोबर. त्याने मान हलवली. मी हलवली नाही. हिल्का त्याच्याशी दोन मिनिटं बोलली. परत येताना मी विचारलं, काय म्हणत होता? "काही नाही. रस्ता विचारला मी."

"कुठला रस्ता?"

"रोवानिएमीचा. शहरात कुठून शिरायचं."

मी तिला नीट समजावून सांगितलं: पूल ओलांडून उजवीकडे. सोरवारीने म्हणे डावीकडून सांगितलं होतं. त्याला रस्तेही येत नाहीत.

२ जानेवारी १९८५, बुधवार. उणे ३६.

रोवानिएमीहून हिल्काच्या नावाने जाड पाकीट आलं. नर्सिंगच्या शाळेचा शिक्का. केंद्रातून बायकांना एखाद्या दिवसाचं प्रशिक्षण देतात, त्याचं असेल. पाकीट टेबलावर ठेवलं, बंद. मी दुसऱ्याचं टपाल उघडत नाही.

६ जानेवारी, रविवार. उणे ३८.

दुपारी कॉफी. ती समोर बसली, कोट न घालता, पण घातल्यासारखी.

"उद्या जाते मी. रोवानिएमीला. शाळेत जागा मिळाली. वसतिगृहात खोली आहे."

"किती दिवस?"

"अकरा महिने."

"आणि मग?"

ती कपाच्या कानाशी बोट फिरवत राहिली. बाहेर लेम्पीमावशीच्या चिमणीचा धूर सरळ उभा होता, काठीसारखा.

"मग तिथेच काम बघेन."

"का?" मी विचारलं. माझा आवाज नीट होता.

"मी तुला सौनात विचारलं होतं, काउको."

"काय विचारलं होतंस?"

"तुला माहीत आहे."

"नाही, काय?"

ती इतका वेळ माझ्याकडे बघत राहिली की मला घड्याळाकडे बघावं लागलं. मग म्हणाली, "अर्ज मी ऑक्टोबरातच केला होता. जागा मिळाली तरी जाईन की नाही, ठरत नव्हतं. खरंच नव्हतं ठरत. पंधरा डिसेंबरपर्यंत."

"एका शब्दासाठी माणूस घर सोडतं?"

"मी मेले असते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि तू माझ्या मयताला आलेल्यांना सांगितलं असतंस, लोकरीचे हातमोजे होते."

मी शाळेचा बॉयलर बघायला निघून गेलो. परतलो तेव्हा दोन बॅगा दाराशी होत्या. हवा उणे एकोणचाळीसकडे चालली होती. मी म्हटलं, टायमर तीनला लाव. ती म्हणाली, लावलाय.

७ जानेवारी, सोमवार. उणे ३९.५.

मी खिडकीत होतो. तिने आधी खांबाकडचा प्लग काढला, मग गाडीकडचा. वायरची गुंडाळी केली आणि सोबत घेतली. काच वरून खाली खरवडली. किल्ली फिरवली. पहिल्याच किल्लीला. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, एक ठोका चुकत नव्हता. दिवे लावले, दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं, आणि मग गियर.

तिची एक जरी गोष्ट चुकली असती तर मी बाहेर गेलो असतो. एकही चुकली नाही.

२० जानेवारी, रविवार. उणे ३३.

हिल्काचा टेलिफोन. जेवतोस का? जेवतो. मासे संपले का? नाही. मी विचारलं, गाडी? "सुरू होते. इथे सगळ्या मुली मला विचारतात, तास किती लावायचे. मी तुझं कोष्टक भिंतीवर लावलंय." मी म्हटलं, उणे वीसच्या खाली तीनच, उगाच वीज जाते. "हो, तेच सांगते."

मग तारेवरची घरघर तेवढी. ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी म्हटलं, इथे उणे तेहतीस आहे. "इथे एकतीस," ती म्हणाली. ठेवते म्हणाली. ठेवला.

कायद्याने बघितलं तर दोष कुणाचा? वायर बनवणाऱ्याने रबर इतकं पातळ का द्यावं? घर बांधणाऱ्याने ओसरीला अर्थिंग का देऊ नये? दीड पान लिहिलं होतं, खोडलं.

१० फेब्रुवारी, रविवार. उणे २७, वारा नाही.

सकाळी लेम्पीमावशी आली. तिच्या नवऱ्याची जुनी गाडी शेडमध्ये आहे. पुतण्या वसंतात विकेल म्हणतो, तिला विकायची नाही. दर रविवारी चर्चला स्वतः चालवत जायचं आहे. "तू हिल्काला बसवलास तसला हीटर मला बसवून दे. खांबसुद्धा तूच रोव. गावात तुझ्यासारखा हात नाही, हे मी कुणालाही सांगते."

शेडमध्ये जाऊन इंजिन पाहिलं. झाकणी पस्तीसचीच. घर एकोणपन्नास सालचं, एकाही सॉकेटला अर्थिंग नाही. ती बाहेर दाराशी फावड्याने बर्फ बाजूला सारत होती. मी बाहेर आलो, हात पुसले.

"हीटर मी बसवतो मावशी. लाइन सोरवारीला टाकू दे."

"का रे? तुझ्या हाताला काय धाड भरली?"

"मी टाकलेल्या लाइनीमुळे आमच्या गाडीत करंट उतरला होता. चूक माझी होती. हिल्का मेली असती त्यात."

तिने फावड्यावर हात टेकले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"बरं," ती म्हणाली. "मग नंबर दे त्या सोरवारीचा. आणि हे बघ, पुढच्या आठवड्यात जमेल का त्याला?"

मी नंबर लिहून दिला. तिने तो दोनदा वाचून खिशात टाकला आणि पुन्हा बर्फ सारू लागली.

घरी आलो. टेलिफोनपाशी उभा राहिलो आणि रिसीव्हर न उचलता तेच वाक्य म्हणून पाहिलं. "गाडीत करंट" इथपर्यंत आलं. तीनदा तिथपर्यंतच आलं.